हातबनावटीचा दाढीचा साबण: डबीतला वास, करवंटीतला फेस

डबीचं झाकण उघडायचं, नाकाशी धरायची, वास आवडला की पैसे काढायचे. हातबनावटीचा दाढीचा साबण बहुतेक जण असाच घेतात, आणि फसतात तेही इथेच. बचत गटाच्या प्रदर्शनात किंवा किनाऱ्यावरच्या पर्यटकांच्या दुकानात वाळा, चंदन, लिंबू, कापूर अशा चिठ्ठ्या लावलेल्या गोल वड्या ओळीनं मांडलेल्या असतात. त्यांतल्या काही ट्यूबमधल्या क्रीमला सहज मागे टाकतील इतक्या उत्तम असतात. काही मात्र गोल साच्यात ओतलेला अंगाचा साबण असतात. नाकाला हा फरक कळत नाही. तो ब्रश फिरवल्यावर कळतो, आणि थोडाफार वेष्टनावरचा मजकूर वाचूनही कळतो. म्हणून ही पारख फेसापासून सुरू केली आहे. वासाकडे नंतर येऊच, कारण हा साबण हौसेनं वापरला जातो तो वासासाठीच.

दाढीच्या फेसाकडून तीन कामं हवी असतात. केस भिजलेला राहावा, पातं घसरावं, आणि दाढी संपेपर्यंत, म्हणजे सात-आठ मिनिटं तरी, फेस बसू नये. अंगाच्या साबणाचा फेस मोठ्या बुडबुड्यांचा असतो आणि दोन मिनिटांत विरतो. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल, म्हणजे तेला-चरबीतला एक घट्ट घटक, भरपूर लागतं. चांगल्या साबणात ते एकूण स्निग्धांशाच्या निम्म्याच्या आसपास असतं. त्याच्यामुळे बुडबुडे बारीक होतात आणि फेस दाट राहतो. पण नुसत्या स्टिअरिकचा साबण ब्रशला लवकर सुटत नाही, म्हणून जोडीला खोबरेल घालतात. खोबरेलात जवळपास निम्मं लॉरिक आम्ल असतं आणि ते झटकन फेस उठवतं. खोबरेलाचं प्रमाण पाव हिश्श्यापलीकडे गेलं की दाढीनंतर गाल ओढल्यासारखे होतात. कोकणात खोबरेल हाताशी आणि नेहमीच्या सवयीचं, त्यामुळे इथल्या हौशी कारागिरांचा हात इथेच सैल सुटतो.

तिसरी गोष्ट क्षाराची. अंगाचा साबण नुसत्या कॉस्टिक सोड्यावर, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडवर होतो. दाढीच्या साबणात पोटॅशियम हायड्रॉक्साइड हवंच, आणि बहुधा सोड्यापेक्षा जास्त हवं. पोटॅशचा साबण मऊ होतो आणि पाण्यात पटकन विरघळतो. सोडा वडीला आकार आणि टणकपणा देतो. दुकानात उभ्या उभ्या करायची परीक्षा सोपी आहे: विचारून वडीच्या कडेला अंगठ्याचं नख दाबावं. हलका वळ उमटला तर पोटॅश असण्याची शक्यता आहे. नख घसरलं आणि वडी दगडासारखी लागली, तर तो बहुतेक अंगाचा साबण. वेष्टनावर स्टिअरिक आम्ल आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड ही दोन नावं वरच्या चार-पाचांत शोधावीत. विकणाऱ्यानंच साबण केला असेल तर ‘पोटॅश किती, सोडा किती?’ असं सरळ विचारावं. साबण स्वतः शिजवणाऱ्याला याचं उत्तर आठवावं लागत नाही. वडी पारदर्शक, काचेसारखी असेल तर ती साबणाचा विकतचा तयार गोळा (बेस) वितळवून ओतलेली आहे असं समजावं. तिला वास छान धरतो, पण दाढीला तो फेस पुरत नाही.

परदेशी कारागिरांच्या साबणांत जनावराची चरबी सर्रास असते. वेष्टनावर ‘टॅलो’ किंवा ‘टॅलोएट’ हा शब्द असला की समजायचं. ज्यांना ती चालत नाही त्यांनी हा शब्द आवर्जून पाहावा. चरबीला तोडीस तोड, किंबहुना या कामात काकणभर सरस, अशी वस्तू आपल्याकडे परसातच आहे: कोकमाचं तेल. रातांब्याचं आगळ आणि सोलं झाल्यावर उरलेल्या बिया फोडून, कुटून पाण्यात उकळतात, वर आलेला तवंग काढून थंड करतात आणि मुठीत दाबून गोळे वळतात. म्हणून त्याला मुठेल म्हणतात, कुठे भिरंडेल. टाचांच्या भेगांना आणि फुटलेल्या ओठांना लावायचं ते हेच. त्यात निम्म्याहून अधिक स्टिअरिक असतं आणि उरलेल्यात बहुतांश ओलिक, त्यामुळे दाटपणा आणि मऊपणा दोन्ही एकाच वस्तूतून मिळतात. स्निग्धांशाच्या पाचव्या हिश्श्याइतकं मुठेल असलेल्या साबणाचा फेस बोटांत चोळून पाहिला तर त्याला लोण्यासारखी घसरण लागते आणि दाढीनंतर गाल कोरडा पडत नाही. मुठेलाला स्वतःचा वास फारच थोडा असतो, त्यामुळे वर घातलेल्या सुगंधाशी त्याचं भांडण होत नाही. हे तेल घातलेला साबण दिसला तर वास न पाहताही घ्यायला हरकत नाही. फक्त तेल ताजं असल्याची खात्री करावी. जुनं मुठेल खवट होतं, आणि तो खवटपणा कितीही वाळा घातला तरी महिन्या-दोन महिन्यांत वर येतो. वडीवर नारिंगी ठिपके दिसले तर तेच सुरू झालेलं आहे.

आता फेस. वाटी म्हणून नारळाच्या करवंटीइतकी सोयीची वस्तू नाही. डोळे नसलेला अर्धा भाग घ्यावा, कारण डोळ्याकडच्या भागातून पाणी झिरपतं. आतलं खोबरं खरवडून काढावं, पण आतून घासून गुळगुळीत करू नये. तो खरखरीतपणा ब्रशला आधार देतो आणि फेस निम्म्या वेळात उठतो. करवंटी पितळी वाटीसारखी लगेच गार होत नाही, कोमट पाण्याचा फेस कोमटच राहतो. खाली एखादी जुनी बांगडी ठेवली की ती डुलतही नाही. ॲल्युमिनियमची वाटी किंवा डबी मात्र टाळा. साबण अल्कलीचा असतो आणि ॲल्युमिनियमला तो खातो.

ब्रश डुकराच्या केसांचा असेल तर कोमट पाण्यात चार-पाच मिनिटं भिजू द्यावा. कृत्रिम धाग्यांचा असेल तर नुसता ओला केला तरी पुरे. ब्रश भिजेपर्यंत वडीवर चमचाभर कोमट पाणी ओतून ठेवावं. दोन-तीन मिनिटांत वरचा थर सैल होतो. ते पाणी टाकून न देता गालाला लावावं, दाढी मऊ पडते. मग ब्रश दोन-तीनदा झटकून वडीवर तीस ते चाळीस सेकंद गोल फिरवावा. घाईनं इथेच घात होतो. दहा सेकंद ब्रश फिरवून ‘साबणात दम नाही’ म्हणणारे बरेच भेटतात. ब्रशच्या टोकांना श्रीखंडासारखा दाट, बुडबुडे नसलेला लेप चढला पाहिजे. एवढ्यात साधारण एक ग्रॅम साबण लागतो, म्हणजे शंभर ग्रॅमची डबी रोज दाढी करणाऱ्याला तीन महिने सहज पुरते.

लेप करवंटीत आणून पाणी अर्ध्या-अर्ध्या चमच्यानं घालत जावं आणि प्रत्येक वेळी पंधरा-वीस सेकंद फिरवावं. एकूण पाणी दोन ते तीन चमचे जातं. सुरुवातीला फेस मंद, निस्तेज पांढरा दिसतो. पाणी पुरेसं झालं की त्याला तकाकी येते. ब्रश उचलल्यावर शेंडा उभा राहून टोकाशी वाकला, तर झालं. शेंडा ताठ राहिला तर पाणी कमी पडलंय; असा फेस गालावर मिनिटभरात सुकून चुन्यासारखा धरतो. शेंडाच उठला नाही आणि डोळ्याएवढे बुडबुडे दिसले तर पाणी जास्त झालंय. मग ब्रश पुन्हा वडीवर दहा सेकंद फिरवून आणावा. फेस भरपूर दिसतो पण पातं अडखळतं, अशीही तक्रार येते. तिथे बहुधा फेसात हवा जास्त आणि साबण कमी असतो. चिमूटभर फेस दोन बोटांत चोळून पाहिला की हे लगेच समजतं. बोटं सुळकन घसरायला हवीत, चुरचुरायला नकोत.

साबण चांगला, हात बसलेला, तरी फेस धरत नाही, तेव्हा दोष पाण्याचा. या बाबतीत कोकण एकसारखं नाही. जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बहुधा मृदू असतं, त्यात साबण खुलतो. किनाऱ्यालगत पुळणीतल्या विहिरींच्या पाण्यात शिंपल्यांचा चुना उतरलेला असतो. चुन्याशी साबणाची गाठ पडली की न विरघळणारा साका तयार होतो. तोच वाटीच्या कडेला करड्या रेघेसारखा चिकटतो. हे पाणी खळखळून उकळून, निवळू देऊन वरचं घेतलं तर बराच चुना तळाशी बसतो आणि फेस सुधारतो. खाडीकाठच्या विहिरी वैशाखात मचूळ होतात, तिथे मात्र उकळण्यानं काही साधत नाही, कारण मीठ खाली बसत नाही. साबणाच्या कारखान्यात मीठ घालूनच साबण पाण्यातून वेगळा काढतात; तोच प्रकार वाटीत घडतो आणि फेस फाटल्यासारखा होतो. एका दाढीला फेसासाठी पेलाभरसुद्धा पाणी लागत नाही, तेव्हा तेवढं पिण्याच्या फिल्टरचं घ्यावं. आणि पावसाळ्यात, चार-दोन सरींनी कौलं धुऊन निघाल्यावर, पागोळ्यांचं पाणी घ्यावं. त्यात चुना जवळपास नसतोच. पुळणीतल्या पाण्यात कुंथणारा साबण पागोळीच्या पाण्यात करवंटीबाहेर येतो. साबणाची खरी लायकी पाहायची तर याच पाण्यात पाहावी.

वासाचा हिशेब आधी आकड्यांत पाहू. साबणात सुगंध साधारण दोन-तीन टक्के घालतात. एका दाढीला एक ग्रॅम साबण गेला तर त्यात वीस-तीस मिलिग्रॅम सुगंध असतो, म्हणजे जेमतेम एक थेंब, आणि तोही बराचसा धुऊन जातो. तेव्हा दिवसभर अंगाला वास राहील ही अपेक्षा चुकीची. दाढीची दहा मिनिटं आणि नंतरची थोडी, एवढाच त्याचा काळ. त्या दहा मिनिटांत वास तीनदा वेगळा येतो: कोरड्या वडीचा, कोमट फेसाचा, आणि धुतल्यावर गालावर उरलेला. डबी हुंगून कळतो तो यांतला पहिलाच.

वाळ्याचं उदाहरण घ्या. वाळ्याचं तेल दाट आणि जड असतं. कोरड्या वडीला नाक लावलं तर मातीचा मंद वास येतो, काहींना तो उग्रही वाटतो. कोमट पाणी पडल्यावर मात्र तो उलगडतो. माठात वाळ्याची जुडी टाकल्यावर पहिल्या पेल्याला येतो तसा गार, मुळांचा वास गालाजवळ दरवळतो आणि धुतल्यावरही टिकतो. जड असल्यामुळे तो सोबतच्या हलक्या वासांनाही धरून ठेवतो. लिंबू आणि वाळा एकत्र असलेला साबण नुसत्या लिंबाच्या साबणापेक्षा केव्हाही चांगला. चैत्र-वैशाखात इथल्या घामट हवेत वाळ्याला तोड नाही. दुकानात मात्र तो नेहमी मागे पडतो, कारण झाकण उघडताच नाकात घुसत नाही.

लिंबू आणि संत्रं यांचं नेमकं उलटं. झाकण उघडताच ताजेपणा जाणवतो, गरम पाण्यात तो उडून जातो, आणि दोन-चार महिन्यांत वडीतूनही बराच निघून जातो. हा वास हवाच असेल तर गवती चहाच्या तेलाचा साबण पाहावा. त्याचा लिंबूवास जास्त टिकतो आणि सकाळच्या चहाशी त्याचं जुनं नातं आहे. नाजूक कातडीला तो चुणचुणतो, म्हणून आधी कोपराच्या आतल्या बाजूला दहा मिनिटं फेस लावून पाहावा.

चंदनाबद्दल स्पष्ट सांगायला हवं. खऱ्या चंदनतेलाचा भाव पाहता स्वस्त वडीत ते तीन टक्के असणं शक्यच नाही. चिठ्ठीवर चंदन असतं, आत बनवलेला सुगंध. त्यात लबाडी दर वेळी असतेच असं नाही, काही बनवलेले चंदनवास खरोखर सुरेख असतात. पण खरं चंदन दुधाळ आणि मवाळ असतं. पहिल्याच हुंगण्यात अंगावर येणारा गोड वास असेल तर तो चंदनाचा म्हणून जास्त पैसे मोजू नयेत. सुरंगी, बकुळ, सोनचाफा या नावांनाही हेच लागू. फेब्रुवारी-मार्चमध्ये वेंगुर्ल्याकडे सुरंगीचा गजरा ज्यानं घेतला आहे, त्याला त्या फुलाचा मधाळ पण किंचित तुरट वास ठाऊक असतो. साबणातली सुरंगी बहुधा नुसती मधाळ असते आणि तुरटपणा हरवलेला असतो. तो तुरटपणा पकडणारा साबण मिळाला तर कारागीर खरोखर नाकाचा आहे असं समजावं.

मेंथॉल आणि नीलगिरी उन्हाळ्याचे सोबती. मेंथॉल कातडी प्रत्यक्षात गार करत नाही, गारवा ओळखणाऱ्या नसांना चेतवतं, म्हणून घाम येत असतानाही गार वाटतं. एक टक्क्यापर्यंत ते सुखद असतं, त्यापुढे डोळ्यांतून पाणी काढतं. कापूर पावसाळ्यातल्या कुबट न्हाणीघरात फार बरा वाटतो. लवंगेच्या जातीचा एक वास ‘बे रम’ नावानं येतो. मूळचा तो वेस्ट इंडीजकडच्या एका झाडाच्या पानांचा. त्यातलं युजेनॉल लवंगेतही असतं, त्यामुळे नाव परकं असलं तरी वास घरचाच वाटतो. हेच द्रव्य साबण शिजवताना मिश्रण एकदम घट्ट करतं. नवख्या हाताच्या लवंगी साबणात म्हणून गाठी आणि पोकळ्या दिसतात. कापलेल्या जागी तो झोंबतोही.

‘बार्बरशॉप’ लिहिलेला वास काय, असं बरेच जण विचारतात. लॅव्हेंडर, ओकच्या झाडावर वाढणारं दगडफुलासारखं ‘ओकमॉस’ आणि वाळल्या गवतासारखा वास असलेलं कुमारिन यांचा तो मेळ. वासांच्या या घराण्याला ‘फुजेर’ हे नाव मिळालं ते १८८२ साली आलेल्या, ऊबिगाँ या फ्रेंच अत्तरवाल्यांच्या ‘फुजेर रॉयाल’ या अत्तरावरून. सौम्य, स्वच्छ, बाराही महिने चालणारा वास आहे. कोणाला भेट द्यायची आणि आवड माहीत नसेल तर हा घ्यावा. व्हॅनिला असलेला साबण काही आठवड्यांत तपकिरी होतो. तो खराब झालेला नसतो, व्हॅनिलिनचा तो गुणच आहे. पण दमट हवेत तो गोडवा डोक्यावर चढतो.

तुलनेला कारखान्यातले काही जुने साबण चाखून पाहण्यासारखे आहेत. मिलानच्या ‘चेला’चा कडू बदामाचा वास, हिरव्या डबीतल्या ‘प्रोरासो’ची नीलगिरी आणि मेंथॉल, तुर्की ‘आर्को’ची थेट भिजल्या गालावर घासायची कांडी, लोकरीचं तेल घातलेला इंग्लंडचा ‘मिचेल्स वूल फॅट’. चेला हाताला सगळ्यात सोपा. वूल फॅटला ब्रश जास्त वेळ फिरवावा लागतो आणि पाणी मृदूच हवं. फेस कसा असावा हे यांतल्या एकावर शिकून मग हातबनावटीच्या साबणाकडे वळलं तर पारख पक्की होते.

गाल झोंबला तर कारण शोधावं. सगळा चेहरा सारखाच आणि न कापलेल्या जागीही झोंबत असेल तर क्षार उरलेला आहे, किंवा वडी मुरायच्या आत विकली गेली आहे. थंड पद्धतीनं केलेल्या वडीला चार ते सहा आठवडे मुरायला लागतात, आणि पावसात ती नीट वाळतच नाही. म्हणून आषाढ-श्रावणात केलेल्या ताज्या वडीपेक्षा मे महिन्याच्या आधीची घ्यावी. नुसतं ओठांच्या वर आणि नाकाशेजारी चुणचुणत असेल तर बहुधा सुगंधाचा दोष. त्याच कारागिराची बिनवासाची वडी वापरून पाहिली की उलगडा होतो.

पावसाळ्यात वडीला घाम फुटतो. साबणातलं ग्लिसरीन हवेतली ओल ओढतं, तेच ते थेंब. वडी बिघडलेली नसते, पुसून घ्यावी. मात्र ओली वडी झाकण लावून ठेवली तर वरचा थर गिळगिळीत होतो. दाढी झाल्यावर डबी उघडीच न्हाणीघराबाहेर, वारा लागेल अशा फळीवर ठेवावी आणि रात्री झाकण लावावं. पत्र्याची डबी खाऱ्या हवेत गंजते आणि गंज वडीला लागतो, म्हणून स्टीलची किंवा चिनी मातीची बरी. ब्रश झटकून, केस खाली करून टांगावा. जुलैत केसांच्या मुळाशी काळे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. अशा हवेत डुकराच्या केसांपेक्षा कृत्रिम धाग्यांचा ब्रश बरा, दुपारपर्यंत सुकतो. ब्रश चिकट वाटू लागला की कपभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून पाच मिनिटं बुडवावा, चुन्याचा साका सुटतो.

डबीच्या तळाशी कडेकडेनं उरलेली चकती ब्रशला सापडत नाही. ती टाकू नये. किसून, दोन थेंब कोमट पाण्यानं मळून नव्या वडीच्या मधोमध अंगठ्यानं दाबून बसवावी. वास वेगळा असला तरी चालतो, विशेषतः जुना वाळ्याचा आणि नवा लिंबाचा असेल तर.